डाखाऊचा औषधी मळा

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने औषधी वनस्पतींवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. वैद्यकी आम्ही शिकलो नाही आणि शेतीही आमच्या घरी नव्हती. आमचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. परंतु फाटकावर एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. कोणताही माल समोर आला की तो कोणी केला, किती तास राबून केला आणि करणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे आधी विचारायचे. आज हाच प्रश्न आम्ही एका बागेला विचारणार आहोत.

ही बाग जर्मनीतली. म्युनिक शहराच्या जवळ डाखाऊ नावाचे जुने गाव आहे. नाझींच्या छळछावणीमुळे ते नाव जगभर झाले. त्या छावणीच्या तारांपलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, औषधी आणि मसाल्याच्या वनस्पतींचा एक प्रचंड मळा होता, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पेपरमिंट, थाईम, सेज, आपल्या सब्ज्याच्या कुळातले बेसिल, अशी सुगंधी तेलाची झाडे तिथे ओळीने लावलेली होती. रासायनिक खताला त्या मळ्यात मज्जाव होता. मातीला आणि रोपाला अतिसूक्ष्म मात्रेत दिलेल्या द्रव्यांनी जोम येतो, या श्रद्धेवर तिथली लागवड चाले. होमिऑपॅथीची ही शेतातली चुलत बहीण म्हणावी. ती तिथे कशी पोचली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

होमिऑपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असतात. साम्युएल हानेमान या जर्मन वैद्याचा जन्म १७५५ चा, मृत्यू १८४३ चा. त्याच्या काळी रक्त काढणे, पारा पाजणे असल्या अघोरी उपायांनी रोग्याचा जीव मेटाकुटीला येत असे. त्या मानाने हानेमानचा उपचार फारच सौम्य. औषधाचा एक थेंब नव्व्याण्णव थेंब पाण्यात किंवा मद्यार्कात टाकायचा, जोराने हलवायचा, त्यातला एक थेंब पुन्हा नव्व्याण्णव थेंबांत. अशा तीस-तीस पायऱ्या. रसायनशास्त्राचा हिशेब असा की बाराव्या पायरीच्या आसपास मूळ द्रव्याचा शेवटचा कणही संपतो. पुढे उरते ते पाणी आणि हलवण्याचे श्रम. तरीही गुण येतो असे सांगणारे लाखो लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालायला आज आम्ही उभे नाही.

जे माणसाला लागू, ते झाडाला का नाही, हा विचार विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात जर्मनीत जोर धरू लागला. पहिल्या महायुद्धानंतर हवेतल्या नायट्रोजनपासून बनवलेली खते शेतात आली होती. पीक वाढले, पण बियाणे कसदार राहिले नाही, जनावरे रोगट झाली, अशी ओरड जमीनदारांकडून होऊ लागली. १९२४ च्या जून महिन्यात ब्रेस्लाऊजवळच्या कोबेरविट्झ गावी, काउंट कायझरलिंक यांच्या वाड्यात, रुडॉल्फ श्टायनर यांनी शेतीवर आठ व्याख्याने दिली. (ते गाव आज पोलंडमध्ये आहे.) त्यांनी सांगितलेली कृती ऐकण्यासारखी आहे. गाईचे शिंग शेणाने भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचे. वसंतात काढून त्यातले चिमूटभर शेण बादलीभर पाण्यात तासभर ढवळायचे, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, आणि शेतावर शिंपडायचे. कंपोस्टच्या ढिगात घालायला आणखी सहा तयाऱ्या होत्या. त्यांत यॅरोची फुले हरणाच्या मूत्राशयात, कॅमोमाइलची फुले गाईच्या आतड्यात, ओकची साल जनावराच्या कवटीत, असे प्रकार. गंमत अशी की या तयाऱ्यांना लागणारी झाडे बहुतेक औषधीच. औषधी झाडाने शेताला औषध द्यायचे, असा हा मामला होता. ही शेती पुढे जैवगतिशील शेती म्हणून ओळखली जाऊ लागली आणि आपल्याकडचेही काही शेतकरी आज शिंगे पुरतात.

हानेमानच्या पायऱ्या इथे जशाच्या तशा नाहीत, परंतु थोड्याने पुष्कळ साधते ही कल्पना तीच. श्टुटगार्टच्या लिली कोलिस्को यांनी तर १९२३ सालीच चढत्या पायऱ्यांची विरळ द्रावणे गव्हाच्या अंकुरांना देऊन त्यांची वाढ मोजल्याचे प्रसिद्ध केले होते. होमिऑपॅथी आणि शेती यांची गाठ इथे उघडपणे पडली.

आता सुगंधी तेलाकडे वळू, कारण श्रमाचा प्रश्न तिथे दडलेला आहे. पेपरमिंटचे तेल घाण्यात पिळून निघत नाही. पानांवरच्या बारीक ग्रंथींत ते असते आणि वाफेने हुसकून काढावे लागते. पान चुरगळले की ग्रंथी फुटते. कापणी चार दिवस लांबली की तेलाचा कस बदलतो, आणि वाळवताना ऊन जास्त लागले तर तेल उडून जाते. कॅमोमाइल म्हणजे आपल्या हकिमांचा बाबूना. त्याचे फूल पांढरे-पिवळे, पण वाफेवर धरले की तेल निघते गर्द निळे, कारण तो निळा पदार्थ फुलात नसतोच, उष्णतेने तयार होतो. शंभर किलो सुक्या फुलांमागे किलोभर तेल मिळाले तर नशीब. आणि ही फुले खुडायची कोणी? त्या काळी ती हातानेच खुडत. निंदणी, खुडणी, सावलीत वाळवणे, काडीकचरा निवडणे, हे सगळे बोटांचे काम. म्हणून सुगंधी तेलाच्या शेतीत बियाण्यापेक्षा आणि खतापेक्षा मजुरी भारी पडते, आणि मालकाला पहिली काळजी लागते ती स्वस्त हातांची.

या धंद्यात जर्मनी जुना. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या देशातला ओवा बोटी भरभरून जर्मनीला जाई आणि त्यापासून तिथले कारखाने थायमॉल, म्हणजे आपण ज्याला ओव्याचे फूल म्हणतो ते, काढून जगाला विकीत. १९१४ साली युद्ध पेटले आणि इंग्रजांच्या नाकेबंदीने ओवाही बंद झाला, मिरीही बंद झाली. परक्या मालावर अवलंबून राहण्याची ही धास्ती जर्मन राज्यकर्त्यांच्या मनातून गेली नाही. १९३६ साली हिटलरच्या सरकारने चार वर्षांची योजना आखली. परदेशी चलन वाचवायचे आणि शक्य ते सारे घरी पिकवायचे, हे तिचे सूत्र होते. औषधी झाडे त्यात आलीच.

एस. एस. या काळ्या डगलेवाल्या संघटनेचा प्रमुख हाइनरिख हिमलर हा शेतकी पदवीधर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्युनिकच्या तंत्रविद्यालयातून १९२२ साली तो बाहेर पडला आणि पहिली नोकरी त्याने केली ती नायट्रोजन खताच्या कंपनीत. पुढे त्याला निसर्गोपचाराचे आणि जडीबुटीचे वेड लागले. पक्षातला दुसरा मोठा पुढारी रुडॉल्फ हेस हाही होमिऑपॅथीचा भोक्ता. १९३७ साली बर्लिनला होमिऑपॅथीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती त्याच्या आश्रयाखाली. १९३६ ते १९३९ या काळात सरकारी आरोग्य खात्याने होमिऑपॅथीच्या चाचण्याही घेतल्या. त्यांत भाग घेतलेले फ्रिट्झ डोन्नर हे स्वतः होमिऑपॅथीचे डॉक्टर होते, आणि चाचण्यांतून काहीही सिद्ध झाले नाही असे त्यांनीच १९६६ साली लिहून ठेवले.

इथे आम्हाला आमच्या बिरादरीची गोष्ट सांगितली पाहिजे. डाखाऊची छावणी उघडली २२ मार्च १९३३ रोजी, एका बंद पडलेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. पहिले कैदी होते कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट आणि कामगार पुढारी. त्याच वर्षी हिटलरने १ मे हा पगारी सुटीचा राष्ट्रीय श्रमदिन जाहीर केला. जर्मन कामगार चाळीसहून अधिक वर्षे जे मागत होता ते न मागता मिळाले. मिरवणुका निघाल्या, बँड वाजले. दुसऱ्या दिवशी, २ मेच्या सकाळी, देशभरातल्या युनियनच्या कचेऱ्यांत नाझी स्वयंसेवक घुसले, पुढाऱ्यांना पकडले, फंड जप्त केला. एका रात्रीचे अंतर. ज्या देशात युनियनची कचेरी अशी एका सकाळी बंद होते, त्या देशात पुढे कोणाचा पगार कोणी आणि कशाच्या आधाराने मागायचा? मळ्याची कथा आमच्या मते त्या सकाळी सुरू होते. पहिले रोप लागायला अजून पाच वर्षे होती.

१९३८ साली काम सुरू झाले. डाखाऊभोवतालची जमीन दलदलीची. आधी चर खणून पाणी काढायचे, मग भर घालायची, रस्ते करायचे. यंत्रे नव्हतीच असे नाही, पण माणूस यंत्रापेक्षा स्वस्त होता. बैलांच्या जागी कैदी जुंपत. त्या छावणीत कैद्यांनी ओढायच्या गाड्याला ‘मोअर एक्स्प्रेस’, म्हणजे दलदलीची एक्स्प्रेस, असे थट्टेचे नाव पडले होते. सर्वांत वाईट वाट्याला आले ते ज्यू कैदी. मळ्यावर नेमणूक झाली की माणूस परतेल याची खात्री नसे. पहारेकरी कैद्याची टोपी हद्दीच्या रेषेपलीकडे फेकी आणि ती आणायला फर्मावी. आणायला गेला तर ‘पळून जाताना गोळी घातली’, न गेला तर हुकूम मोडला म्हणून शिक्षा. सुटून आलेल्यांनी हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

१९३९ साली एस. एस.ने या मळ्यासाठी स्वतःची कंपनीच काढली. आहार आणि पोषण यांच्या संशोधनाची जर्मन संस्था, असे तिचे भारदस्त नाव. हिशेब मोठा चोख होता. मसाल्याचे मिश्रण सैन्याला जाई, वाळवलेल्या वनस्पतींचा काढा जाई, आणि क जीवनसत्त्वासाठी ग्लॅडिओलसची शेतेच्या शेते लावलेली होती. मजुरीचा तक्ता मात्र निराळा होता. खाजगी कारखान्यांना छावणीतला कैदी भाड्याने मिळे तो युद्धाच्या उत्तरार्धात कुशल असल्यास दिवसाला ६ मार्क आणि अकुशल असल्यास ४ मार्क या दराने. एस. एस.च्या घरच्या कंपन्यांना तो आरंभी अवघ्या ३० फेनिगला, म्हणजे एका मार्काच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी किमतीत पडे. हे पैसे सरकारजमा होत. ज्याच्या अंगाचा घाम, त्याच्या नावावर काहीच नाही. आम्ही आयुष्यात पुष्कळ हजेरीपट पाहिले, खोटे अंगठेही पाहिले. पण ज्यात मजुराच्या नावासमोर रकमेचा रकानाच नाही, असे पत्रक या कंपनीचेच.

१९४१ च्या १० मे रोजी हेस विमान घेऊन एकटाच स्कॉटलंडला उडाला. त्याच्या मागे सरकारने त्याच्या आवडीच्या सगळ्या गूढ पंथांवर झडप घातली आणि जूनमध्ये जैवगतिशील शेतीची देशव्यापी संघटना मोडून टाकली. वाटावे की शिंगांचे दिवस संपले. परंतु हिमलरच्या मळ्यात ती पद्धत चालूच राहिली, फक्त नाव जरा दबक्या आवाजात घेत. त्याच वर्षी फ्रान्स लिपर्ट नावाचा जाणकार माळी तिथे देखरेखीला आला. वेलेडा या औषध कंपनीच्या वनस्पतीबागेत त्याने पूर्वी काम केले होते. तो स्वतः कैद्यांशी बरा वागे, असे सुटलेल्या काही कैद्यांनी पुढे सांगितले आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. मुकादम चांगला असू शकतो. आम्हाला असे मुकादम भेटले आहेत, आणि चांगल्या मुकादमाच्या हाताखालीही रकाना रिकामाच राहतो हेही आम्ही पाहिले आहे.

मळ्यावर एका वेळी हजारावर माणसे राबत. त्यांत कॅथॉलिक धर्मगुरू फार होते. डाखाऊत एकंदर २,७२० धर्मगुरू कोंडले गेले. त्यांतले १,७८० पोलिश, आणि त्या पोलिशांपैकी ८६८ मेले. १९४२ सालच्या भुकेच्या दिवसांत ही माणसे ओळीत वाकून रोपे निंदीत आणि पहारेकऱ्याची पाठ वळली की हाती लागेल तो पाला तोंडात टाकीत. रोपाची निगा मात्र उत्तम होती. कंपोस्ट चाळून घातले जाई, माती भुसभुशीत राही, पाने सावलीत वाळत. मातीला काय सोसेल आणि काय सोसणार नाही, याचा इतका बारीक विचार जिथे केला जात होता, तिथे माती खणणाऱ्या माणसाला काय सोसेल हा विचार कोणी केला नाही.

त्याच छावणीच्या दवाखान्यात १९४२ आणि ४३ साली आणखी एक प्रकार घडला. आपल्याकडे ज्यांना बाराक्षार म्हणतात, ती शूसलर या जर्मन डॉक्टरची औषधे होमिऑपॅथीतूनच फुटलेली शाखा. ती सल्फाच्या औषधांपेक्षा सरस ठरतात का, हे पाहायचे होते. त्यासाठी धडधाकट कैद्यांच्या शरीरात पू टोचून जखमा चिघळवल्या गेल्या. एका गटाला सल्फा, दुसऱ्याला क्षाराच्या गोळ्या. यांतही पोलिश धर्मगुरू होते. क्षारांचा उपयोग होत नाही, हे एस. एस.च्या डॉक्टरांनी हिमलरला कळवले, तरी प्रयोग चालू राहिले. माणसे मेली. न्यूरेंबर्गच्या १९४६-४७ च्या डॉक्टरांवरील खटल्यात हे सगळे कागदोपत्री पुढे आले. ज्या सौम्य गोळीने हानेमानच्या काळी रोग्याला जाचातून सोडवले, तिच्या नावाने निरोग्याला जाचात घातले गेले.

आता कोणी म्हणेल, की यावरून तुम्ही सेंद्रिय शेतीला नावे ठेवता. मुळीच नाही. त्याच काळी रासायनिक खतांची मोठी उत्पादक इगे फार्बेन कंपनी आउश्विट्झजवळ मोनोविट्झला कारखाना उभारीत होती आणि तिथेही छावणीतले कैदीच मरेस्तोवर राबत होते. खत शिंगातले असो की पोत्यातले, खालचे हात सारखेच बांधलेले. शेतीची पद्धत मातीबद्दल काय म्हणते एवढ्यावरून ती माणसाशी कशी वागेल हे कळत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आणि गुण कशाचा, हाही प्रश्न आहेच. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ थेर्विल येथे १९७८ पासून एकाच शेतावर जैवगतिशील, साधी सेंद्रिय आणि रासायनिक अशा पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहत आले आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की खत-औषधे बरीच कमी घालूनही सेंद्रिय वाफ्यांचे उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनीच घटले आणि मातीतली जीवसृष्टी मात्र समृद्ध झाली. हा लाभ मुख्यतः शेणखताचा आहे. तो वापरणाऱ्या दोन्ही पद्धतींना तो मिळाला, शिंगवाल्यांना आणि बिनशिंगवाल्यांनाही. म्हणजे सूक्ष्म मात्रेच्या खात्यावर जे जमा दाखवले जाते, त्यातले बरेचसे निगेचे असते. आणि निगा म्हणजे कोणाचे तरी हात, कोणाचा तरी वाकलेला कणा. डाखाऊच्या पेपरमिंटला वास चांगला आला असेल, तर तो दलदल उपसणाऱ्या, कंपोस्ट चाळणाऱ्या आणि पान न चुरगळता खुडणाऱ्या कैद्यांनी आणला. कंपनीच्या अहवालात श्रेय पद्धतीला मिळाले.

मळ्याला एक दुकान होते. गावातले आणि म्युनिकचे लोक तिथे येऊन रोपे, फुले, भाजी विकत नेत. छावणीत काय चालते हे कोणालाच ठाऊक नव्हते असे युद्धानंतर पुष्कळ जर्मन सांगत. त्यांना या दुकानाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तिथे पलीकडून माल काढून देणारा माणूस कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतच होता. पण सगळेच रोप घेऊन घरी गेले नाहीत. १९४४ च्या मे महिन्यात योझेफा माक नावाची तरुण मुलगी, जोगीण होण्याची तयारी करणारी, फुले आणायला म्हणून तिथे आली आणि मग येतच राहिली. येताना ती औषधे आणि चिठ्ठ्या आणी, जाताना कैद्यांची पत्रे लपवून नेई. पकडली गेली असती तर तीही त्याच तारांच्या आत गेली असती. १७ डिसेंबर १९४४ रोजी छावणीत कार्ल लाइस्नर या क्षयाने खंगलेल्या कैद्याला गुप्तपणे धर्मगुरुपदाची दीक्षा दिली गेली. त्या विधीला लागणारे पवित्र तेल आणि म्युनिकच्या कार्डिनलची परवानगी तिनेच आत पोचवली. लाइस्नर पुढच्या वर्षी मरण पावला.

आणखी एका कैद्याचे नाव घेतले पाहिजे. कारेल काशाक हा चेक. चित्रे काढता येतात म्हणून त्याला मळ्याच्या संशोधन विभागात वनस्पतींची चित्रे रेखाटायला बसवले. पान, फूल, मूळ, सगळे शास्त्रशुद्ध. हे काम करता करता त्याने चोरून टिपणे ठेवली आणि छायाचित्रेही घेतली. फुललेल्या शेतांत उभे राहिलेले ते कैदी आज आपल्याला दिसतात ते त्याच्यामुळे. मालकाच्या दप्तरात जे लिहिले गेले नाही, ते मजुराने लिहून ठेवले.

२९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन फौजांनी छावणी मोकळी केली. एस. एस.च्या सगळ्या कंपन्यांचा मुख्य कारभारी ओस्वाल्ड पोल याला १९४७ साली न्यूरेंबर्गला शिक्षा झाली आणि १९५१ च्या जूनमध्ये फाशी. छावणीच्या जागी १९६५ साली स्मारक झाले. पण ते तारांच्या आतल्या जागेचे. रस्त्यापलीकडचा मळा त्यात आला नाही. त्या जमिनीवर कारखान्यांची वसाहत उठली, काचगृहांचे सांगाडे वर्षानुवर्षे गंजत राहिले. एका गल्लीला ‘औषधी बागेपाशी’ अशा अर्थाचे जर्मन नाव आहे, आणि ते तिच्या पाटीवर लिहिलेले आहे.